ओळखीनं आलेला माणूस फोन करेल अशी वेबसाइट: कोल्हापुरातल्या कोच आणि कन्सल्टंटसाठी

कोल्हापुरात सल्लागाराला काम मिळतं ते ओळखीनं. शिरोली एमआयडीसीतला एक मालक दुसऱ्याला नाव सांगतो, इचलकरंजीचे पाव्हणे नंबर पाठवतात, कुणाच्या तरी वास्तुशांतीच्या पंगतीत विषय निघतो. वेबसाइट केली म्हणून ही रीत मोडणार नाही आणि मोडायची गरजही नाही. पण नाव कळल्यापासून फोन लावेपर्यंत मध्ये एक नवा टप्पा आला आहे. माणूस रात्री जेवण झाल्यावर मोबाइलवर तुमचं नाव टाकून बघतो. तिथं काहीच निघालं नाही, किंवा अर्धवट सोडलेलं फेसबुक पेज निघालं, की फोन ‘उद्या बघू’वर जातो.

हा लेख त्या टप्प्यासाठी आहे. तुम्ही बिझनेस कोच असा, करिअर समुपदेशक, आहारतज्ज्ञ किंवा फाउंड्रीतले, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यातले सल्लागार. कोडिंग येत नसलं तरी चालेल. अनोळखी लोकांना खेचून आणणं हे वेबसाइटचं दुसरं काम. ओळखीनं आलेला माणूस हातचा जाऊ न देणं हे पहिलं, आणि खालच्या पायऱ्या त्याच हिशोबानं लावल्या आहेत.

## आधी कागद

थीम, रंग, लोगो यातलं काहीही बघण्याआधी आतापर्यंत तुम्हाला फोन केलेल्या लोकांची वाक्यं एका कागदावर उतरवा, ती बोलली तशीच. ‘मला प्रॉडक्टिव्हिटी वाढवायची आहे’ असं उद्यमनगरातला माणूस म्हणत नाही. तो म्हणतो, ‘माल वेळेत जाईना झालाय, आणि ओव्हरटाइम मात्र वाढतच चाललाय.’ आहारतज्ज्ञाकडे कुणी ‘जीवनशैली व्यवस्थापन’ मागत नाही. ‘शुगर निघाली आहे, पण रात्री भात लागतोच, काय करू?’ असं विचारतात. या वाक्यांतूनच वेबसाइटचा निम्मा मजकूर निघतो.

मग त्यातला एक प्रकारचा माणूस निवडा. दहावीची मुलं, हुपरीचे चांदी कारखानदार आणि लग्न ठरलेली जोडपी या तिघांना एकाच पानावर बोलावलं की तिघांनाही वाटतं, हे आपल्यासाठी नाही. बाकीची कामं सोडायची नाहीत, फक्त पहिल्या पानावर मांडायची नाहीत.

अजून एकही गिऱ्हाईक नसेल, तर माझं स्पष्ट मत असं की वेबसाइटवर महिना घालवू नका. ओळखीतल्या दोन-तीन जणांचं काम कमी फीमध्ये करा. फुकट मात्र नको. फुकटच्या वेळेला कुणी येत नाही आणि आलं तर सांगितलेलं करत नाही. ती कामं झाली की लिहायला काहीतरी असेल.

## डोमेन, आणि ते कुणाच्या नावावर

डोमेन म्हणजे वेबसाइटचा पत्ता. सल्लागारानं स्वतःच्या नावाचं घ्यावं, कारण शिफारस करणारा माणूस तुमचं नाव सांगतो, तुमच्या कंपनीचं नाही. डॉट इन किंवा डॉट कॉम, जे मोकळं असेल ते चालेल. फोनवर एकदा सांगितल्यावर समोरच्याला बरोबर टाइप करता येतं का, एवढीच परीक्षा. नावात ‘एस’ एक की दोन, ‘डब्ल्यू’ की ‘व्ही’, असा घोळ होणार असेल तर आडनावासोबत ‘कोल्हापूर’ जोडा. देवनागरीतलं डॉट भारत डोमेनही मिळतं. हौस म्हणून दुसरं घ्यायला हरकत नाही, पण व्हिजिटिंग कार्डावर साधंच छापा.

डॉट इनचा खर्च वर्षाला हजार रुपयांच्या आत-बाहेर असतो. पहिल्या वर्षीची स्वस्त किंमत बघून भुलू नका, नूतनीकरणाचा दर आधी वाचा.

आता या लेखातली सगळ्यात महत्त्वाची सूचना. डोमेन तुमच्या स्वतःच्या ईमेलवर, तुमच्या स्वतःच्या खात्यातून, तुमच्या कार्डानं किंवा यूपीआयनं घ्या. वेबसाइट करून देणारा मुलगा भाच्याचा मित्र असला तरी. तो पुण्याला नोकरीला गेला, नंबर बदलला, की तुमच्या नावाचा पत्ता त्याच्या लॉगिनमध्ये अडकतो आणि सोडवताना नाकी नऊ येतात. त्याला काम करण्यापुरता प्रवेश द्या, मालकी देऊ नका. होस्टिंग (वेबसाइट ठेवायची भाड्याची जागा) आणि गुगल बिझनेस प्रोफाइल (गुगलवरची तुमच्या व्यवसायाची नोंद) यांनाही हेच लागू.

## कशावर बांधायची

यावर लोक जेवढा वेळ घालवतात तेवढी त्याची किंमत नाही. अगदी एका पानापुरती हवी असेल तर गुगल साइट्स फुकट आहे आणि एका संध्याकाळी जमतं. पुढे लेख लिहायचे असतील तर वर्डप्रेस घ्या. सॉफ्टवेअर मोफत आहे, होस्टिंगचे वर्षाला काही हजार जातात आणि दुरुस्ती करणारा माणूस कोल्हापुरात सहज मिळतो. ओढून-सोडून पान तयार करणारे बिल्डरही चांगले असतात. फक्त उद्या तिथून हलायचं ठरलं तर मजकूर बाहेर काढता येतो का, ते विचारून घ्या. वेबसाइट सुरक्षित असल्याची खात्री ब्राउझरला देणारं एसएसएल प्रमाणपत्र बहुतेक होस्टिंगवाले फुकटच देतात, त्यासाठी वेगळे पैसे मोजू नका. अ‍ॅप मुळीच नको.

## पहिलं पान

इथं मात्र दोन दिवस गेले तरी चालतील.

समजा तुम्ही फाउंड्रीतले सल्लागार आहात. नवखा माणूस पहिल्या पानावर असं काहीतरी लिहितो: ‘आम्ही उद्योजकांना उत्कृष्टतेच्या प्रवासात सर्वांगीण मार्गदर्शन करतो.’ हे वाक्य योगशिक्षकालाही चालेल आणि कर सल्लागारालाही. वाचणारा गोकुळ शिरगावचा मालक आहे, त्याच्या डोक्यात परत आलेली कास्टिंग्ज आहेत. त्याच्यासाठी असं लिहा:

‘कास्टिंगमध्ये ब्लोहोल येतात, सँड इन्क्लुजन येतं, आणि माल मशीनिंगला गेल्यावर ते कळतं? लहान आणि मध्यम फाउंड्रींचं रिजेक्शन कमी करण्याचं काम मी करतो. पहिले दोन दिवस तुमच्या शॉपफ्लोअरवर उभा राहतो, मगच बोलतो. कोल्हापूर, सांगली, बेळगाव.’

यात काय झालं बघा. पहिल्या वाक्यात त्याची अडचण आली, तीही त्याच्या शब्दांत. दुसऱ्यात तुम्ही कुणासाठी काय करता ते आलं. तिसऱ्यात कामाची पद्धत आली, आणि तिथंच विश्वास बसतो. केबिनमध्ये बसून पीपीटी दाखवणारे सल्लागार त्यानं पाहिलेले असतात. शेवटी गावं आली. खाली लगेच फोनचं आणि व्हॉट्सअ‍ॅपचं बटण. मोबाइलवर न सरकवता एवढं सगळं दिसलं पाहिजे.

दुसरं उदाहरण घ्या. वडील आणि मुलगा एकाच धंद्यात असलेल्या घरांसोबत काम करणारा कोच. ‘फॅमिली बिझनेस ट्रान्सफॉर्मेशन’ लिहिण्यापेक्षा हे चालेल: ‘वडिलांना हिशोब वहीत हवा, मुलाला सॉफ्टवेअरमध्ये. कामगार दोघांकडून वेगवेगळ्या ऑर्डर घेतात. घरातलं जेवणाचं टेबल ऑफिस झालं असेल, तर आपण बोलू.’ लक्ष्मीपुरीतला व्यापारी हे वाचून बायकोला मोबाइल दाखवेल.

लिहिणं अवघड जात असेल तर लिहू नका, बोला. गुगल डॉक्समध्ये व्हॉइस टायपिंगला मराठी निवडा आणि समोर तो माणूस बसलाय असं समजून सांगा. नंतर काटछाट करा.

## बाकीची पानं

पहिल्या पानाशिवाय चार पुरे: काम कसं करतो, फी, माझ्याबद्दल, संपर्क.

‘माझ्याबद्दल’मध्ये बालपणापासून सुरुवात नको. या कामाशी संबंधित काय केलं, कुठं किती वर्षं नोकरी केली, कोणतं प्रमाणपत्र कुणी दिलं, एवढं. फोटो स्वतःचा, सध्याचा, चेहरा स्पष्ट दिसणारा. सूट घालून हस्तांदोलन करणाऱ्या परदेशी लोकांचे विकतचे फोटो टाकले की वाचणाऱ्याला लगेच कळतं की हे कोल्हापूर नाही. त्यापेक्षा हेल्मेट घालून भट्टीजवळ उभा असलेला तुमचा साधा मोबाइल फोटो शंभर पटीनं बरा. मोबाइलचा फोटो मात्र चार-पाच एमबीचा असतो. तो लहान करून दोनशे केबीच्या आत आणूनच चढवा. पान किती वेगानं उघडतं ते गुगलच्या पेजस्पीड इनसाइट्सवर फुकट तपासता येतं. मुख्य मजकूर २.५ सेकंदांच्या आत दिसला तर गुगल ते चांगलं मानतं.

केलेल्या कामाचा पुरावा हवाच, पण आपल्याकडे कारखानदाराला आपली अडचण गावभर झालेली आवडत नाही. म्हणून नाव न घेता लिहा: कसला कारखाना, अडचण काय होती, तुम्ही काय केलं, काय बदललं आणि काय बदललं नाही. ते शेवटचं वगळू नका, त्यामुळे बाकीच्यावर विश्वास बसतो. गावही वगळायची वेळ येते, कारण ‘हुपरीतला पैंजण कारखानदार, दोन भाऊ’ एवढं म्हटलं तरी अर्ध्या हुपरीला कळतं. नाव छापायला कुणी परवानगी दिली तर ती व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी घेऊन ठेवा.

फीबद्दल दोन मतं आहेत. बरेच जण आकडा लिहीत नाहीत, ‘आधी भेटू तरी’ म्हणतात. मी लिहावा या बाजूचा आहे. आकडा नसला की माणूस मनात मोठा आकडा धरतो, किंवा फोनवर पहिला प्रश्न पैशांचाच विचारतो आणि बोलणं तिथंच अडकतं. सगळं दरपत्रक नको. सुरुवातीचा आकडा सांगा. उदाहरणार्थ: ‘पहिली भेट एक तास, १,५०० रुपये. पुढे काम ठरलं तर ही रक्कम त्यात वजा.’ जीएसटी नोंदणी असेल तर कर वेगळा की धरून, तेही लिहा. सल्ला सेवेवर १८ टक्के लागतो, म्हणजे फरक लहान नाही. वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे नोंदणी सक्तीची नसते. तुमच्या बाबतीत काय ते सीएला विचारा.

## फोन वाजायला हवा

संपर्क पानावर दहा रकान्यांचा फॉर्म ठेवला की तो कुणी भरत नाही. नाव, नंबर, अडचण एका ओळीत, बस्स. खरं म्हणजे आपल्या भागात फॉर्मपेक्षा व्हॉट्सअ‍ॅपच चालतं. त्याची लिंक साधी आहे: डब्ल्यूए डॉट एमई, मग तिरकी रेघ, मग ९१ आणि तुमचा दहा आकडी नंबर. मध्ये अधिकचं चिन्ह नको, मोकळी जागा नको, पुढे शून्य नको. बटण दाबल्यावर मेसेज आधीच लिहिलेला यावा अशी सोय करता येते: ‘नमस्कार, मला पहिल्या भेटीची वेळ हवी आहे. माझा व्यवसाय …’ कोऱ्या चौकटीसमोर माणूस थबकतो, अर्धं वाक्य समोर असलं की पूर्ण करतो.

त्याखाली तुम्ही फोन कधी घेता ते लिहा. ‘सकाळी शॉपफ्लोअरवर असतो, संध्याकाळी ५ नंतर उत्तर देतो’ असं लिहिलेलं असलं की दुपारी उत्तर आलं नाही म्हणून कुणी रागावत नाही.

## मराठी नीट दिसण्यासाठी

हा भाग बहुतेक मार्गदर्शकांत नसतो, आणि मराठी वेबसाइटी तिथंच बिघडतात.

छापखान्यातून आलेला माहितीपत्रकाचा मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असेल, तर तो वेबसाइटवर चिकटवल्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला होतो. तो युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइलवर मराठी टाइप होते त्या पद्धतीत, बदलून घ्या किंवा सरळ नव्यानं टाइप करा. मजकुराचं चित्र करून टाकणं हा उपाय नव्हे. फ्लेक्सचं डिझाइन जसंच्या तसं पहिल्या पानावर लावलेल्या वेबसाइटी मी बऱ्याच पाहतो. गुगल असा मजकूर नेहमीच्या शोधात धरत नाही, आणि मोबाइलवर तो डोळे ताणून वाचावा लागतो.

फॉन्ट मुक्ता, बालू किंवा नोटो सान्स देवनागरी यांपैकी कोणताही घ्या, गुगल फॉन्ट्सवर मोफत आहेत. तयार थीम इंग्रजीसाठी बनवलेल्या असतात, त्यामुळे दोन गोष्टी बदलाव्या लागतात. पहिली, शीर्षकांतलं लेटर स्पेसिंग शून्य करा, नाहीतर शिरोरेषा तुटते आणि प्रत्येक अक्षर सुटं लोंबकळतं. दुसरी, ओळींमधलं अंतर वाढवा. वर रफार-वेलांट्या आणि खाली उकार असल्यानं इंग्रजीच्या अंतरात ओळी एकमेकींना टेकतात. सेटिंगमध्ये ‘लाइन हाइट’ १.६ च्या पुढे ठेवा. वेबसाइटची भाषा सेटिंग्जमध्ये ‘मराठी’ निवडा. फॉन्टमध्ये सोय असेल तर ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे न येता आपल्या वळणाचे येतात.

पूर्ण मराठी ठेवायची की इंग्रजी? तुमचा माणूस जी बोलतो ती. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या मोठ्या कंपन्यांच्या एचआरकडून काम हवं असेल तर एक पान इंग्रजीत हवंच, कारण ते पुढे मुंबई-पुण्याच्या साहेबांना पाठवलं जातं. शिवाय मराठी माणूससुद्धा शोधताना बरेचदा रोमन लिपीत टाइप करतो, तेव्हा तुमचं नाव, काम आणि ‘कोल्हापूर’ हे पानाच्या शीर्षकात दोन्ही लिप्यांत असू द्या.

## गुगलवर सापडणं

गुगल बिझनेस प्रोफाइल फुकट आहे आणि ‘कोल्हापूरमध्ये अमुक’ असा शोध घेतला की नकाशासोबत जी नावं दिसतात ती तिथूनच येतात. राजारामपुरीत ऑफिस असेल तर पत्ता टाका. घरून काम करत असाल तर पत्ता लपवून फक्त सेवा देता ती गावं दाखवता येतात. पडताळणी आता बरेचदा व्हिडिओनं होते, तेव्हा पाटी, परिसर, काम करण्याची जागा दाखवायची तयारी ठेवा.

रिव्ह्यू मागायला लाजू नका, पण फी कमी करतो म्हणून रिव्ह्यू घ्यायचा नाही; गुगलच्या नियमांत ते बसत नाही. काम संपलं त्याच दिवशी लिंक पाठवा. ‘छान अनुभव’ अशा पाच रिव्ह्यूंपेक्षा कशासाठी आलो आणि काय झालं हे सांगणारा एक बरा, म्हणून मागतानाच तसं सांगा.

लेख लिहायचे तर दर आठवड्याला लिहितो असा संकल्प करू नका, तो श्रावणापर्यंतही टिकत नाही. कागदावरच्या प्रश्नांतला एक घ्या आणि त्याचं पूर्ण उत्तर द्या. निर्यात सल्लागार असाल तर ‘कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, त्याचा अधिकृत वापरकर्ता म्हणून कारागिरानं नोंदणी कशी करायची?’ हा विषय मुंबईचा सल्लागार तुमच्याइतका नीट लिहिणार नाही. ‘यशाची सात सूत्रं’ मात्र कुणीही लिहू शकतं, म्हणून ती लिहू नका.

## तुमच्या पेशाचे नियम

हे प्रसिद्ध करण्याआधी बघा. वकील असाल तर बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ३६ नुसार जाहिरात करता येत नाही. २००८ च्या दुरुस्तीनंतर वेबसाइटवर नाव, संपर्क, नोंदणीचा तपशील, शिक्षण आणि कामाची क्षेत्रं अशी ठरावीक माहिती ठेवता येते. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं म्हणून उत्साहात ‘खात्रीशीर निकाल’ वगैरे लिहाल तर अडचणीत याल. सीएंनाही त्यांच्या संस्थेच्या, आयसीएआयच्या आचारसंहितेचं बंधन आहे. ‘मनी कोच’ म्हणून कोणता शेअर किंवा फंड घ्यावा हे फी घेऊन सांगणार असाल तर सेबीची गुंतवणूक सल्लागार म्हणून नोंदणी लागते. आहारतज्ज्ञांनी ‘मधुमेह मुळापासून बरा’ हे शब्द कुठंही वापरू नयेत.

फॉर्ममधून नंबर आणि माहिती घेता, तर ती कशासाठी आणि किती दिवस ठेवता ते दोन ओळींत साध्या मराठीत लिहा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे, आणि त्याआधीही कुणाचा नंबर न विचारता ब्रॉडकास्टमध्ये टाकणं चांगलं नव्हतंच.

## सुरू झाल्यावर

आधी तीन मोबाइलवर उघडून बघा: तुमचा, घरातल्या एखाद्या ज्येष्ठांचा आणि एक जुना, स्वस्त. बटणं दाबून बघा, व्हॉट्सअ‍ॅप खरंच तुमच्याच नंबरवर जातंय ना ते बघा.

मग आधी ज्यांचं काम केलं त्यांना लिंक पाठवा. सगळ्यांना एकदम नको, एकेकाला नावानिशी: ‘साहेब, माझ्या कामाची माहिती आता एका ठिकाणी ठेवली आहे. तुम्हाला कुणी विचारलं तर ही पाठवा, म्हणजे तुम्हाला समजावून सांगत बसावं लागणार नाही.’ शिफारस करणाऱ्याचं काम हलकं झालं की तो जास्त वेळा शिफारस करतो.

येणाऱ्या प्रत्येक फोनला ‘नंबर कुठून मिळाला?’ आणि ‘वेबसाइट पाहिली का?’ हे दोन प्रश्न विचारा, उत्तर वहीत टिपा. गुगल सर्च कन्सोल जोडून ठेवा, लोक काय टाइप करून येतात ते तिथं कळतं. पण वहीकडे आधी बघा. वेबसाइट पाहूनही तीन जणांनी तीच गोष्ट विचारली, तर ती पानावर कुठंतरी खाली दडलेली आहे, वर घ्या.

महिन्यातून एकदा बॅकअप आणि अपडेट. डोमेन संपायची तारीख मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये महिनाभर आधीची टाका, आणि बँकेनं नवीन कार्ड पाठवलं की डोमेनच्या खात्यात त्याच दिवशी बदला. जुन्या कार्डावर ऑटो-रिन्यू होत नाही, आणि सूचनेचा ईमेल कुणी उघडत नाही.